स्कोर बारावर थांबलाय, काका मात्र शेतात जाऊन राहिले

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. एमएसडब्ल्यू झालंय, एका संस्थेच्या मानसिक आरोग्याच्या प्रोजेक्टवर समुपदेशक आहेत, करार अकरा महिन्यांचा. दर महिन्याला प्रत्येक क्लायंटचा पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म टॅबवर भरायचा, स्कोर १० च्या खाली आला की फाइल 'बरे झाले' म्हणून बंद करायची अशी पद्धत. केअर प्लॅनमध्ये 'ध्येय' या रकान्यात सगळेच 'स्कोर १० च्या खाली आणणे' लिहितात, यांनीही तेच लिहिलं.

त्यांचे एक क्लायंट ५२ वर्षांचे शेतकरी. चार एकर, एक विहीर, कपाशी-तूर आणि पाणी पुरलं तर हरभरा. बँकेचं पीककर्ज थकलेलं, कृषी केंद्राची उधारी वेगळी. सुरुवातीला अंथरुणातून उठत नव्हते, स्कोर १७ होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, ताईंच्या भेटी सुरू झाल्या. आता शेतात जातात, वेचणीच्या बायांसोबत दिवसभर थांबतात. पण मागचे तीन महिने स्कोर १२, ११, १२. मासिक मीटिंगमध्ये सुपरवायझर विचारतात, ही फाइल अजून का बंद होत नाही. काकू म्हणतात काहीच सुधारले नाहीत, बँकेचं नाव काढलं की तोंडावर पांघरूण घेतात. आणि मागच्या भेटीत काकाच म्हणाले, "ताई, तुमाले जे लिवाचं ते लिवा, माह्यापायी तुमचं काम अडू नोका देऊ."

ताई विचारतात: मी कमी आकडे लिहून फाइल बंद करू का? मी कुठं कमी पडले? आणि सर्व्हेवरून ध्येय ठरवायचं म्हणजे नेमकं करायचं काय, कारण ट्रेनिंगमध्ये फॉर्म भरायला शिकवलं, भरल्यावर पुढं काय ते कोणी शिकवलं नाही.

उत्तर

ताई,

मी सुरुवात काकांच्या त्या वाक्यापासून करते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्यानं वाटली, बाराच्या आकड्यानं नाही. काकांना कळलंय की तुम्हाला आकडे कमी हवे आहेत. तुम्ही कधी बोलून दाखवलं नसेल पण माणसाला कळते, टॅबवर बोट ठेवताना आपला चेहरा कसा होतो ते समोरचा बघत असतो. इतके महिने तुम्ही त्यांच्या ओसरीवर बसता, त्यांचं ऐकून घेता, गावात दुसरं कोणी इतकं ऐकत नसेल, आणि अशा पोरीचं आपल्यामुळं काही बिघडू नये म्हणून ते स्वतःचं दुखणं कमी करून सांगायला तयार झालेत. मन मोठं आहे माणसाचं. पण तुम्ही इथंच थांबायला पाहिजे, कारण जो माणूस तुमच्यासाठी झोपेच्या प्रश्नाला शून्य सांगू शकतो तो नवव्या प्रश्नालाही शून्य सांगू शकतो.

इतर वाचकांसाठी सांगते, या फॉर्मचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घ्यायच्या विचारांबद्दल आहे. काकांच्या पहिल्या फॉर्मवर तिथं १ आहे आणि आता ०. हे शून्य खरं असेलही, मला मनापासून वाटते की खरं असावं, पण ते वाक्य ऐकल्यावर नुसत्या टॅबवर विश्वास ठेवून चालणार नाही. पुढच्या भेटीत टॅब पिशवीत ठेवा आणि सरळ विचारा, "काका, मागं तुम्ही म्हणाले होते की मेलेलं बरं असं कधी कधी वाटते, ते अजून येते का मनात?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, ही भीती अजून पुष्कळ जणांना आहे, अगदी शिकलेल्यांना सुद्धा, म्हणून मुद्दाम लिहिते. उलट विचारलं की माणसाला बोलायला जागा मिळते. हो म्हणाले तर पुढं विचारा की कसं करायचं ते ठरवलंय का, जवळ काही ठेवलंय का. आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा फवारणीच्या औषधापाशी येऊन थांबतो. डबा घरात आहे की शेतातल्या झोपडीत, कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे, हे काकूंशी त्याच दिवशी बोला, आणि शक्य असलं तर हंगाम संपेपर्यंत उरलेलं औषध भावाकडे नाहीतर शेजाऱ्याकडे ठेवायला सांगा. विचार पक्का दिसला तर त्यांना एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते, तो काकूंच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. एकूण स्कोर २० असो की ६, नववा शून्य नसला की बाकी सगळं नंतर.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, कमी लिहू नका. खोटं लिहिणं वाईट म्हणून तर आहेच, पण त्याहून जास्त काकांसाठी. फाइल बंद झाली की तुमच्या भेटी थांबतील, गोळ्या चालू आहेत की सोडल्या हे कोणी विचारणार नाही, आणि पुन्हा जड झालं तर तो माणूस तुम्हाला बोलवायला लाजेल, कारण त्याच्या डोक्यात एकच राहील की ताईनं तर आपल्याला बरं म्हणून लिहिलं होतं.

आता तो बाराचा आकडा. तुम्ही लिहिता 'अडकलाय'. थोडं थांबून बघू. पीएचक्यू-९ चा स्कोर ० ते २७ असतो, नऊ प्रश्न आणि प्रत्येकाला ० ते ३. ५, १०, १५, २० या रेघा, सौम्य, मध्यम, मध्यमाहून जास्त आणि तीव्र. अमेरिकेत २००१ साली तो नीट तपासून छापला गेला, साध्या डॉक्टरांच्या ओपीडीत नैराश्य नजरेतून सुटू नये आणि किती आहे ते कळावं यासाठी. त्याच्यात साधारण ५ गुणांचा फरक पडला की तो खरा फरक धरतात. काका १७ वरून १२ वर आलेत, म्हणजे खरा फरक पडलाय, आणि तो तुम्ही, गोळ्या आणि काका या तिघांनी मिळून पाडलाय. १२, ११, १२ हा मात्र बदलच नाही, एखादा गुण इकडेतिकडे कसाही होतो, त्या दिवशी डोकं दुखत असलं तरी होतो. त्यामुळं ११ आला तेव्हा तुम्ही खूश झाला असाल आणि पुन्हा १२ आल्यावर रात्रभर विचार केला असेल तर दोन्ही वेळा त्या एका गुणाला जरा जास्तच किंमत दिली गेली.

पण एक गोष्ट तुमची बरोबर आहे. उपचार सुरू होऊन एवढे महिने झाले, तीन महिने आकडा दहाच्या वरच थांबला, तर डॉक्टरांना ते कळायला पाहिजे. गोळी रोज घेतात का, एक दिवसाआड घेतात का, संध्याकाळी दारू होते का, थायरॉइड कधी तपासलं का, डोस बदलायची गरज आहे का, हे डॉक्टरांनी बघायचं. त्यांच्याकडे जाताना नुसता '१२' नेऊ नका, नऊच्या नऊ ओळी न्या.

कारण सगळं त्या ओळींमध्ये आहे ताई. तुम्ही दोन्ही फॉर्मचे रकाने पाठवले हे फार बरं केलं, मी ते एकाखाली एक लिहून पाहिले. कशातच रस न वाटणं २ होतं, आता १. उदास वाटणं ३ होतं, आता १. भूक २ वरून १, नववा १ वरून ०. थकवा २ चा २, लक्ष न लागणं १ चं १, हालचाल मंदावणं तेव्हाही ० आताही ०. आणि दोन ओळी जिथल्या तिथं: झोप ३, आणि 'आपण नापास झालो, घरच्यांची मान खाली घातली' हे वाटणं ३. बारातले सहा गुण या दोनच ओळींत आहेत. बेरीज केली की हे सगळं पुसलं जाते, टॅबवर फक्त बारा दिसतो आणि मीटिंगमध्ये लाल रंगात दिसतो.

झोपेची ओळ आधी घेऊ. तुम्ही पत्र डिसेंबरात लिहिलंय. हरभऱ्याला पाणी सुरू असणार, आणि जिथं कृषिपंपाची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते तिथं माणूस रात्री अकराला मोटर सुरू करायला जातो आणि पहाटे दांड बदलून घरी येतो. वरून रानडुकरं आणि रोही, म्हणजे पाणी नसलं तरी जागल आहेच. अशा माणसाला 'झोप लागण्यात अडचण येते का' विचारलं तर तो काय सांगणार? जवळपास रोज, म्हणजे ३. हे तीन गुण नैराश्याचे आहेत की रात्रीच्या लाइनीचे हे फॉर्मला कळत नाही, काका सांगू शकतात. दिवसाच्या लाइनीच्या आठवड्यात झोप लागते का, एवढं विचारा. लागत असेल तर तिथलं ध्येय वेगळं होईल, पोराशी नाहीतर पुतण्याशी पाळ्या लावायच्या, दुपारी तासभर पडायचं. आणि अंथरुणावर पडूनही दोन वाजता डोळे टक्क उघडत असतील तर ते डॉक्टरांना सांगायचं. तोच ३, पण दोन अगदी वेगळे रस्ते.

आता दुसरी ओळ. इथं मी जरा जास्त वेळ घेते.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की काका शेतात जातात पण नाल्याकडून लांबच्या वाटेनं, गावातल्या कृषी केंद्रासमोरून जात नाहीत. तुम्ही ते कंसात लिहिलं आणि पुढं गेलात. मला वाटते तुमच्या केअर प्लॅनमध्ये जे यायला पाहिजे होतं ते त्या कंसात राहून गेलं. नापास झाल्याची ओळ ३ वर आहे आणि माणूस रोज दोन वेळा पायी चालून ती पाळून राहिला आहे. दुकानात बसलेल्या चार लोकांनी आपल्याकडे बघू नये, दुकानदारानं हाक मारू नये, एवढ्यासाठी. दुकानदार वाईटच असेल असं नाही, कदाचित त्यानं कधी काही म्हटलंही नसेल, पण काकांसाठी ती वाट बंद आहे. आणि जी वाट बंद आहे तिच्यावरच पानठेला आहे, पार आहे, ग्रामपंचायत आहे, लग्नाच्या पंगती आहेत. काकू म्हणतात 'कोणाशी बोलत नाहीत', ते याच वाटेनं.

म्हणून आता लगेच 'ध्येय: कृषी केंद्रासमोरून जाणे' असं लिहून टाकू नका हं. मी इथं बसून ठरवलं काय, तुम्ही तिथं बसून ठरवलं काय आणि ऑफिसनं १० ठरवलं काय, काकांसाठी सारखंच. तुम्ही विचारलंय ना की सर्व्हेवरून ध्येय कसं ठरवायचं, तर माझं सगळं सांगणं एवढंच आहे की ज्यानं उत्तरं दिली त्याच्यासमोर ती उत्तरं परत ठेवायची. आजवर काकांनी फॉर्म इतक्यांदा भरून दिला, त्यांना एकदाही कोणी दाखवलं का की तेव्हा असं होतं आणि आता असं आहे? बहुतेक नाही. उत्तरं टॅबमध्ये गेली, टॅबमधून ऑफिसात गेली.

तेव्हा पुढच्या भेटीला एक साधा कागद न्या. डावीकडे नऊ गोष्टी साध्या बोलीत, समोर दोन रकाने, तेव्हाचे आणि आताचे. वाचता येत नसलं तर वाचून दाखवा, आकड्यांऐवजी तुरीचे दाणे मांडले तरी चालते, तिथं तीन दाणे होते आता एक आहे, डोळ्यांना दिसते. आधी जे कमी झालं ते दाखवा आणि विचारा की हे कशानं झालं असेल. यावर काका जे सांगतील ते लिहून घ्या, त्यांच्या शब्दांत, कारण जे एकदा उपयोगी पडलं ते पुन्हा पडू शकते. मग विचारा, "यातलं कोणतं थोडं हलकं झालं तर तुमचा दिवस बरा जाईल?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही, आपल्याला वाटते काका अडकले, मदत करावी. ते म्हणतीलच, "तुमीच सांगा ताई, तुमी शिकेल आहा." तेव्हा सांगायचं नाही. त्यांनीच आधी सांगितलेलं त्यांना परत द्यायचं, "तुम्ही मागं नाल्याकडच्या वाटेचं बोलले होते, त्याचं आणि या ओळीचं काही जुळते का?" जुळते म्हणाले तर पुढं जा. नाही म्हणाले तर सोडून द्या, त्यांच्या मनात दुसरंच काही असेल, पोरीच्या सासरी जाणं राहिलं असेल, बैलजोडी विकल्याचं दुःख असेल, पोळ्याला घराबाहेर निघालेच नसतील.

समजा ते म्हणाले की हो, त्या दुकानासमोरून ताठ मानेनं जायचं आहे. मग त्याचे पाच टप्पे करा. १९६८ साली किरेसुक आणि शर्मन या दोघांनी ध्येय मोजायची एक पद्धत मांडली होती, ती अजून जगभर वापरतात आणि तिला कागद-पेनाशिवाय काही लागत नाही. मधला टप्पा ०, म्हणजे ठरवलेल्या मुदतीत एवढं झालं तर ठरल्याप्रमाणं झालं. वर +१ आणि +२, खाली -१ आणि -२. काकांचं कदाचित असं होईल: आज नाल्याकडून जातात, ते -१. शेतातच जाणं बंद झालं तर -२. आठवड्यातून एकदा भावासोबत दुकानासमोरून गेले तर ०. एकटे गेले आणि राम राम घातला तर +१. दुकानात बसून उधारीचा हिशोब विचारला आणि हप्त्याचं बोलले तर +२. आज -१ वर का धरायचं, तर माणूस खाली घसरला तर ते दिसायला एक पायरी मोकळी पाहिजे म्हणून. मुदत काकांनी ठरवायची, संक्रांतीपर्यंत म्हणतील, पाडव्यापर्यंत म्हणतील. पायऱ्यांचे शब्दही त्यांचेच, तुमचं प्रमाण मराठी तिथं नको.

यात स्कोर कुठं गेला? तो आहेच, फेकायचा नाही. महिन्यानं पुन्हा फॉर्म भरला की तीच नापासवाली ओळ बघायची, वाटेवरची पायरी चढली आणि ओळ ३ वरून २ झाली तर आपण बरोबर जागी हात घातला. पायरी चढली आणि ओळ हलली नाही तर कदाचित खरं दुखणं दुसरीकडे आहे, पुन्हा बोलायचं. आणि सगळ्याच ओळी वर सरकायला लागल्या तर डॉक्टरांकडे आधी जायचं, मुदतीची वाट बघायची नाही.

काकूंचं काय. त्या म्हणतात काही सुधारले नाहीत आणि तुम्ही म्हणता सुधारले, आणि मला दोघींचंही खरं वाटते. पीएचक्यू फक्त त्रास मोजतो, माणूस घरात-गावात किती वावरतो ते मोजत नाही. काकूंना बँकेचं काम एकटीला ओढावं लागते, त्यांच्या लेखी नवरा बरा होणं म्हणजे तो बँकेत सोबत येणं. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा बारा प्रश्नांचा एक छोटा फॉर्म आहे, व्होडास २.०, त्यात मागच्या ३० दिवसांत रोजचं काम, घरची जबाबदारी, मैत्री टिकवणं, अनोळखी लोकांशी वागणं, गावच्या कार्यक्रमात जाणं हे किती जड गेलं ते विचारतात. दर महिन्याला नको, तीन महिन्यांतून एकदा लावा. ज्यांना असे आजार झाले त्यांच्या अनुभवांवरून अभ्यासकांनी २०११ मध्ये पाच गोष्टी काढल्या होत्या की बरं होण्यात लोकांना काय महत्त्वाचं वाटते: माणसांशी नातं, आशा, स्वतःची ओळख, जगण्यात काही अर्थ आणि आपल्या आयुष्याची दोरी आपल्या हातात असणं. यातलं एकही 'स्कोर दहाच्या खाली' मध्ये मावत नाही, आणि थोडी लक्षणं शिल्लक असतानाही यातलं पुष्कळ परत मिळू शकते. फक्त काकूंचं ध्येय काकांच्या कागदावर चढवू नका. त्यांच्याशी वेगळं बसा, त्याही थकल्या असतील, आणि काकांनी तुम्हाला सांगितलेलं काकूंना सांगायचं की नाही ते काकांना विचारून. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं ही गोपनीयता रुग्णाचा हक्क म्हणून दिलेली आहे, बायकोपुरती सुद्धा.

आणि कर्ज. फॉर्म भरून उधारी फिटत नाही हे काकांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत असायला पाहिजे. पीककर्जाचं पुनर्गठन होऊ शकते का, याची चौकशी करायला बँकेत कोणीतरी सोबत जाणं हा सुद्धा उपचाराचाच भाग आहे, तुम्ही नाही गेलात तरी गावातला एखादा विश्वासाचा माणूस जाऊ शकतो.

फॉर्म भरताना काही गोष्टी सांभाळा, हे सगळ्यांनाच उपयोगी पडेल, आशाताईंना सुद्धा, त्यांच्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे घरोघरी आजारांचा धोका तपासायच्या फॉर्ममध्ये, याच नऊपैकी पहिले दोन प्रश्न आहेत. 'मागचे दोन आठवडे' म्हटलं की खेड्यात लोक अंदाजे बोलतात. 'मागच्या दोन बाजारांपासून' म्हणा, आठवडी बाजार सगळ्यांना आठवतो. चौदा दाणे ठेवा आणि त्यातले किती दिवस असं वाटलं तेवढे बाजूला काढायला सांगा, मग काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस की जवळपास रोज ते आपोआप कळते. प्रश्न मात्र छापलाय तसाच विचारायचा, आपल्या मनानं बदलला की मागच्या महिन्याशी तुलना संपली. समजावून सांगायचं असलं तर एकदा वाचून झाल्यावर. समासात दोन शब्द लिहा, रात्री पाणी, वेचणी, घरी लग्न, पेरणी. जूनमधला १२ आणि डिसेंबरातला १२ एक नसतो, मृगात पाऊस लांबला की गावातल्या धडधाकट माणसाची पण झोप उडते. आणि अंगणात, चार बाया बसल्या असताना, हे प्रश्न विचारायचे नाहीत. सगळे हे पाळतात असं म्हणतात, पण तसं होत नाही.

राहिले तुमचे सुपरवायझर. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या वरही कोणी आकडे मागणारं आहे आणि पैसे देणाऱ्याला काम दिसायला पाहिजे हे खरं आहे. तुमच्यापुढं तीन रस्ते दिसतात. एक, काका म्हणतात तसं लिहून मोकळं होणं, त्याचं बोललो. दुसरा, टॅबवर एक आणि डायरीत एक असं दोन ठिकाणी काम करत राहणं. पुष्कळ चांगले कार्यकर्ते हेच करतात, पण त्यानं तुम्ही आतून थकाल आणि तुमच्या जागी उद्या दुसरी मुलगी आली तर तिला पुन्हा बारा हाच आकडा मिळेल. तिसरा, मीटिंगमध्ये बोलणं. अकरा महिन्यांच्या करारावर बोलायला भीती वाटते हे मला समजते, म्हणून भांडण म्हणून बोलू नका, कागद घेऊन बोला. काकांचं नाव झाकून त्या नऊ ओळी दाखवा, १७ वरून १२, उदासपणा ३ वरून १. मग एवढंच मागा की केअर प्लॅनमध्ये 'क्लायंटनं स्वतः सांगितलेलं ध्येय' हा एक रकाना वाढवा आणि फाइल बंद करताना स्कोरसोबत तो रकाना पण बघा.

कोणी म्हटलं की गावपातळीवर आकडे हवेतच, तर म्हणा हो, हवेत. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हे कळलं कशानं, तर गावातल्या लोकांचा आधी आणि नंतर सर्व्हे झाला म्हणून. तिथं आकड्यांनी फार मोठं काम केलं. पण तो अख्ख्या गावांचा सर्व्हे होता, एकेका माणसाच्या फॉर्मवर कार्यकर्त्याचं कौतुक किंवा झाडाझडती ठरली की माणसं तुमच्या काकांसारखी बोलायला लागतात, आणि मग तो आकडा गावासाठीही कामाचा राहत नाही आणि काकांसाठीही नाही. हे तुमच्या सुपरवायझरना पटेल असं मला वाटते, कारण खोटा आकडा त्यांनाही नकोच असेल. लगेच जमण्यासारखं एक आहे, सोबतच्या कार्यकर्तीसोबत गावं अदलून घ्या, म्हणजे तुमच्या क्लायंटचा महिन्याचा फॉर्म तिनं भरायचा आणि तिच्याचा तुम्ही. भीड कमी होते, उत्तरं मोकळी येतात.

'मी कुठं कमी पडले' असं तुम्ही विचारलं. अंथरुणातून न उठणारा माणूस वेचणीवर दिवसभर उभा आहे, आणि त्याला तुमच्या नोकरीची काळजी करण्याइतकी जगात गोडी वाटून राहिली आहे. फॉर्मच्या पहिल्या ओळीत जे विचारतात, कशातच रस वाटत नाही का, त्याचं उत्तर तुम्हाला त्या वाक्यात पण मिळालं होतं. तुम्हाला अर्धंच शिकवून फील्डवर पाठवलं, त्याची शिक्षा स्वतःला देऊ नका. तुमच्या टीममध्ये महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बसून, सुपरवायझरशिवाय, एकेका क्लायंटच्या नऊ ओळी सगळ्यांनी मिळून वाचायची सवय लावता आली तर बघा, एकटीनं हे ओझं वाहायचं नसते.

आणि काकांच्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं राहिलंय तुमचं. पुढच्या भेटीत आधी तेच द्या. म्हणा, "काका, माझं काम तुमच्यापायी अडत नाही. तुम्ही खरं सांगितलं की माझं काम होते, आकडा कितीही येवो." मग नववा प्रश्न, टॅब बाजूला ठेवून. काकूंशी औषधाच्या डब्याचं बोलणं त्याच दिवशी. नऊ ओळींचा कागद त्यानंतर, काकांना वेळ असला तर, नाहीतर पुढच्या बाजाराच्या दिवशी.